परिचारिका आहे, संगणक आहे. पद कोठे आहे?

भारतीय परिचर्या परिषदेने २०२१ मध्ये बी.एस्सी. नर्सिंगचा सुधारित अभ्यासक्रम जाहीर केला, त्यात दुसऱ्या सत्रासाठी आरोग्य-माहितीशास्त्र व तंत्रज्ञान हा विषय घालण्यात आला. चाळीस तास वर्गात आणि तितकेच प्रयोगशाळेत, अशी त्याची व्याप्ती आहे. हा अभ्यासक्रम शिकलेल्या पहिल्या तुकड्या आता बाहेर पडू लागल्या आहेत. रुग्णांच्या नोंदींची व्यवस्था लावणे हाच आपला व्यवसाय करता येईल काय, असा प्रश्न त्यांतील काही विद्यार्थिनींपुढे (आणि थोड्या विद्यार्थ्यांपुढेही) उभा राहणे स्वाभाविक आहे. प्रश्न वैयक्तिक वाटतो खरा, परंतु त्याचे उत्तर बव्हंशी अर्थशास्त्राच्या प्रांतातले आहे.

या कामाविषयी गैरसमज पुष्कळ आहेत. केवळ टंकलेखन म्हणजे हे काम नव्हे, आणि आज्ञावली लिहिणे म्हणजेही नव्हे. दुपारी पाळी बदलते त्या वेळचा कोणताही वॉर्ड पाहावा. रक्तदाबाचा एकच आकडा सिस्टर आधी चिठ्ठीवर टिपते, मग तक्त्यात आणि पाळीच्या नोंदवहीत उतरवते. संगणक आलेला असेल तर चौथ्यांदा पडद्यावर भरते. तो आकडा एकदाच भरला जावा, डॉक्टरांना आणि पुढच्या पाळीच्या सिस्टरला तो हवा तेथे दिसावा, आणि इशारा खरोखर धोका असेल तेव्हाच वाजावा, अशी रचना ठरविणे हे या शाखेचे कार्य. इशारे वारंवार वाजू लागले की माणसे ते न वाचताच बंद करतात, ही गोष्ट अभियंत्याला सांगावी लागते. सिस्टरला ती अनुभवाने ठाऊक असते.

शाखा नवी असली तरी तिच्यामागील विचार जुना आहे. क्रिमियन युद्धातील मृत्यूंचे आकडे मांडणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० च्या लंडनमधील आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषदेपुढे सर्व रुग्णालयांसाठी एकसारख्या नोंदींची योजना मांडली होती. दिवा मात्र लोकांच्या लक्षात राहिला, तक्ते विस्मरणात गेले.

अमेरिकेत परिचारिकांच्या राष्ट्रीय संघटनेने १९९२ मध्ये या शाखेला स्वतंत्र विशेषज्ञता म्हणून मान्यता दिली आणि १९९५ पासून तिची प्रमाणपत्र-परीक्षा सुरू झाली. तथापि तेथील मागणीला खरा जोर आला तो २००९ च्या कायद्याने. संगणकीय नोंदींचा अर्थपूर्ण वापर करणाऱ्या रुग्णालयांना व डॉक्टरांना केंद्र सरकारने पैसे देऊ केले, आणि वापर न करणाऱ्यांची देयके पुढे कापण्याची तरतूद केली. म्हणजे या मागणीमागे बाजारापेक्षा सरकारी तिजोरीचा हात मोठा होता.

भारतात आयुष्मान भारत डिजिटल मिशन सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झाले आणि नागरिकांना चौदा आकडी आरोग्य-क्रमांक मिळू लागले. क्रमांकामागील नोंद मात्र वॉर्डातच जन्माला येते. महाराष्ट्राच्या शासकीय रुग्णालयांतील अधिपरिचारिका, परिसेविका, अधिसेविका या परिचित श्रेणीकडे पाहिले, तर माहितीशास्त्राची पायरी तीत आढळत नाही. परिणामी, जिला संगणक जमतो तिच्याकडेच ते काम वॉर्डाच्या कामाशिवाय जादा येऊन पडते. शिकण्याचा खर्च तिचा आणि लाभ संस्थेचा, अशी ही विभागणी आहे. खासगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या वेतनाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१६ मध्ये त्यावर निकाल लागला. त्यानंतर नेमलेल्या समितीला पन्नासहून कमी खाटांच्या रुग्णालयांसाठी दरमहा किमान वीस हजार रुपयांची शिफारस करावी लागली. ज्या व्यवसायात एवढ्या वेतनासाठीही समिती नेमावी लागते, तेथे पदरमोड करून जादा पदविका घेण्याचा सल्ला जपूनच द्यावयास हवा.

दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेवर २३ नोव्हेंबर २०२२ रोजी सायबर हल्ला झाला आणि कित्येक दिवस कामकाज हाताने चालवावे लागले. अशा वेळी कागदावर काय टिपायचे आणि यंत्रणा पूर्ववत झाल्यावर ते कोणत्या क्रमाने आत घ्यायचे, हे ठरविण्यासाठी वॉर्ड व संगणक दोन्ही जाणणारी व्यक्ती लागते.

म्हणून नव्या पदवीधराने आरंभीची दोन-तीन वर्षे वॉर्डातच काढणे श्रेयस्कर. त्या अनुभवावाचून ही विद्या पोकळ राहते. पुढे मोठ्या रुग्णालयांतील गुणवत्ता-विभाग हा व्यवहार्य प्रवेशमार्ग ठरतो, कारण जंतुसंसर्ग, रुग्ण पडण्याचे प्रसंग, औषधांतील चुका यांचे आकडे तेथे जमतात. आज्ञावली पुरविणाऱ्या कंपन्याही प्रशिक्षणासाठी परिचारिकांना घेतात, पण तेथे गेल्यावर परिचर्येतील सेवाज्येष्ठता मागे राहते. रुग्णालयातच हे काम स्वीकारायचे, तर त्याचे तास वॉर्डाच्या पाळीतून वजा होतील असा लेखी आदेश आधी मागून घ्यावा.

संस्थाचालकांनीही साधा हिशेब करून पाहावा. समजा, तीनशे खाटांच्या रुग्णालयात प्रत्येक पाळीला पन्नास परिचारिका आहेत आणि दुहेरी नोंदी टळल्याने प्रत्येकीची वीस मिनिटे वाचली. तीन पाळ्यांत मिळून दिवसाला पन्नास तास होतात, म्हणजे आठ तासांच्या सहा पाळ्यांहून अधिक श्रम. त्यासाठी खर्च एका पदाच्या वेतनाचा. तरीही पद निर्माण होत नाही, कारण ही बचत कोणत्याच जमाखर्चात दिसत नाही: पाळी संपल्यावर नोंदी पुऱ्या करण्यासाठी मागे थांबणाऱ्या सिस्टरला त्या अर्ध्या तासाचे वेतन बहुधा कोणी देतच नाही.