दोषारोपपत्रातले फोटो आणि न्यायालयाचा पडदा

मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची ९ डिसेंबर २०२४ रोजी हत्या झाली. मार्च २०२५च्या सुरुवातीला दोषारोपपत्रातले मारहाणीचे फोटो घराघरांतल्या मोबाईलवर पोहोचले. आमच्या वर्गातल्या पोरांनीही ते पाहिले. ४ मार्चला धनंजय मुंडे यांनी मंत्रिपद सोडलं. त्यांनी कारण प्रकृतीचं दिलं; लोकांनी संबंध फोटोंशी जोडला.

मग कोर्टाची सगळी कागदपत्रं खुली असावीत का? दोषारोपपत्र हा सार्वजनिक दस्तऐवज नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्येच सांगितलं आहे. आरोपीला त्याची प्रत मिळते, पण ते वेबसाइटवर टाकायचं नाही. त्यात साक्षीदारांचे जबाब असतात, सिद्ध न झालेले आरोप असतात. जबाब गावभर फिरला तर उद्या साक्षीला कोण उभा राहील?

पण पडद्याची दुसरी बाजूही आहे. मीडियावन वाहिनीला परवानगी नाकारताना सरकारने कारणं सीलबंद लिफाफ्यात कोर्टाला दिली, वाहिनीला नाही. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला.

आम्हाला वाटतं, साक्षीदाराचा जीव, पीडितेची ओळख आणि मय्यतीची इज्जत लोकांच्या नजरेपासून जपावी. मात्र ज्याच्यावर आरोप आहे त्याच्यापासून पुरावा आणि जनतेपासून निकालाची कारणं लपवू नयेत. झाकायचंच असेल तर न्यायाधीशांनी कारण लिहून, गरजेपुरतं झाकावं.

आणि असे फोटो आपल्या ग्रुपवर आले तर पुढे पाठवू नका. ते कुणाच्या तरी वडिलांचे फोटो आहेत.