लेखनभय आणि प्रमाणभाषेचा धाक

यवतमाळ जिल्ह्यातील पदव्युत्तर वर्गांत एक विसंगती सातत्याने जाणवते. वऱ्हाडीत प्रसंग रंगवून सांगणारा विद्यार्थी कागद पुढे येताच मूक होतो. घरी गोरमाटी वा कोलामी बोलणाऱ्याचा संकोच तर दुहेरी असतो. या मौनास प्रतिभेचा अभाव म्हणणे सोयीचे आहे. माझ्या मते ते चुकण्याचे भय आहे, आणि ते शाळेपासून लाल शाईने रुजविलेले असते.

लक्ष्मीबाई टिळकांचे उदाहरण या संदर्भात विचारार्ह ठरते. औपचारिक शिक्षण जवळजवळ नाही आणि घरात नारायण वामन टिळकांसारखा प्रतिष्ठित कवी. लेखणी खाली ठेवण्यास एवढे पुरेसे होते. तरीही १९१९ मध्ये टिळक निवर्तल्यावर त्यांचे अपुरे 'ख्रिस्तायन' त्यांनी पुढे नेले, उतारवयात 'स्मृतिचित्रे' लिहिली. बोलल्यासारखी लिहिली, स्वतःच्या फजितीसुद्धा मोकळेपणाने सांगितल्या. (हे पुस्तक अभ्यासक्रमात नेमणारे अध्यापक तशा भाषेतील उत्तरपत्रिकेस किती गुण देतील?)

जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळच्या ९२व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे उद्घाटन वैशाली येडे यांनी केले. शेतकरी पतीच्या आत्महत्येनंतरचे जगणे त्यांनी साहित्यिकांपुढे मांडले. तेव्हा कुणाला व्याकरण आठवले असेल, असे वाटत नाही.

प्रमाणभाषेस माझा विरोध नाही; शोधनिबंधास ती हवीच. परंतु तिची पाळी दुसऱ्या खर्ड्यात येते. पहिला खर्डा विद्यार्थ्याने आपल्या बोलीत, लेखनाच्या गोडीने लिहावा. त्यास गुण नसावेत आणि अध्यापकाने तो लाल शाईविना वाचावा. अंतर्गत मूल्यमापनात एवढी जागा निश्चित काढता येईल.