माळाला पडीक म्हणू नका

छत्रपती संभाजीनगरच्या बाहेर पडले की मुरमाड टेकड्या आणि माळ लागतात. काळा दगड, खुरटे गवत, मधूनच एखादे बोरीचे झुडूप. ते पाहून आपण सहज म्हणतो, "इथे काहीच नाही. चला, झाडे लावू." या 'काहीच नाही'ला माझी हरकत आहे.

घराच्या भिंतीवर टुणकन उडी मारणारा छोटा कोळी तुम्ही पाहिला असेल. तो जाळे विणून वाट पाहत बसत नाही. भक्ष्य हेरतो, दबकत जवळ जातो आणि झेप घेतो. या कोळ्यांच्या कुलात सहा हजारांहून अधिक जाती आहेत. त्यांपैकी स्टेनेल्युरिलस या प्रजातीचे कोळी जमिनीवर राहतात. २०२२ साली किरण मराठे, राजेश सानप, अनुराधा जोगळेकर, जॉन कॅलेब आणि वेन मॅडिसन यांनी दख्खनच्या पठारावरील या प्रजातीच्या तीन नव्या जातींचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांतल्या एकीचे नाव आहे श्वेतमुखी! आपले शहरही याच पठारावर वसले आहे.

एवढ्याशा जिवात विज्ञान किती असते पाहा. झेप घेण्यापूर्वी कोळ्याला अंतर कसे कळते? २०१२ साली जपानी संशोधकांनी घरात आढळणाऱ्या एका उड्या मारणाऱ्या कोळ्यावर प्रयोग केला. हिरव्या प्रकाशात त्याची झेप अचूक पडली, लाल प्रकाशात मात्र तोकडी. त्याच्या मुख्य डोळ्यातील दृष्टिपटल चार थरांचे असते. त्यांतील हिरव्या रंगाला प्रतिसाद देणाऱ्या दोन थरांपैकी एकावर प्रतिमा स्पष्ट पडते, दुसऱ्यावर धूसर. या धूसरपणावरून तो अंतर ताडतो. भिंग निरनिराळ्या रंगांचे किरण निरनिराळ्या अंतरांवर एकत्र आणते. म्हणून लाल प्रकाशात त्याचा अंदाज चुकतो.

अशा जिवांचे घर असलेल्या जमिनीला आपण 'पडीक' म्हणतो. हा महसुली हिशेबाचा शब्द आहे. २०१९ सालच्या राष्ट्रीय पडीक जमीन नकाशासंग्रहातही झुडपी जमीन याच सदरात टाकलेली आहे. एकदा पडीक म्हटले की पावसाळ्यात खड्डे खणून रोपे लावायला कोणाची हरकत उरत नाही. पुढे दाट सावली पडते, गवत हटते आणि मोकळ्या जमिनीवर वावरणारे कोळी, टिटवी, चंडोल, सरडे यांचा आसरा जातो.

कोणी विचारील, मराठवाड्याच्या उन्हात झाडे नकोत काय? हवीतच! रस्त्याच्या कडेला, शाळेच्या अंगणात, जिथली तोडली तिथे ती अगत्याने लावावीत. पण प्रत्येक माळ म्हणजे उजाड झालेले जंगल, असे गृहीत धरणे चूक आहे. गवतही माती धरून ठेवते आणि पाणी मुरवते.

शिक्षकांना माझी एक सूचना आहे. माळावर वृक्षारोपणाचा कार्यक्रम ठरवण्यापूर्वी वर्षभर दर महिन्याला मुलांना तिथे न्यावे. चार खुंट्या आणि दोरीने १ मीटर लांब, १ मीटर रुंद चौकोन आखावा. अर्धा तास शांत बसून दिसेल तो जीव तारीख-वेळेसह वहीत टिपावा. कोळी पकडू नये, हातभिंगातून पाहावा. वर्षाअखेर ती वही समोर ठेवून झाडे कुठे लावायची, ते मुलांनाच ठरवू द्यावे. न पाहताच 'काहीच नाही' म्हणणे विज्ञानाच्या विद्यार्थ्याला शोभत नाही.