दूर राहून शेत राखताना

भोर तालुक्यात रायरेश्वराच्या वाटेवर असलेल्या आंबवड्याच्या परिसरात भाताची खाचरे लहान आहेत. अशा शेताला बारा महिने माणूस लागत नाही, पण ठरलेल्या वेळी माणूस नसेल तर हंगाम हातचा जातो. उन्हाळ्यात राब भाजायचा, पहिल्या पावसाच्या सुमारास रोप टाकायचे, जुलैत चिखलणी करून लावणी उरकायची आणि दिवाळीच्या मागेपुढे कापणी-झोडणी. पावसाळ्यात बांध फुटला तर त्याच दिवशी घालावा लागतो, नाही तर माती वाहून जाते आणि खालच्या शेतकऱ्याचे पीकही बुडते.

परदेशस्थ भारतीयाला वारशाने आलेली शेतजमीन ठेवता येते, नवी विकत घेता येत नाही. म्हणून वडिलोपार्जित तुकडा सांभाळणाऱ्याची निवड महत्त्वाची ठरते. खालच्या किंवा वरच्या खाचराचा शेजारी हा बहुधा सर्वांत योग्य माणूस असतो, कारण पाणी आणि बांध दोघांचे सामाईक असतात. भाऊबंदांकडे शेत सोपवायचे असेल तर आधी वाटणी आणि फेरफार पुरा करावा. हक्क अस्पष्ट राहिले की कामाचे बोलणे भांडणावर येते.

मोबदल्याची रीत कायदा पाहून ठरवावी. 1948 च्या कुळवहिवाट कायद्यानुसार दुसऱ्याची जमीन रीतसर कसणारा कूळ मानला जाऊ शकतो. रोख किंवा धान्यरूपात वेतन घेणारा नोकर आणि मालकाच्या किंवा त्याच्या कुटुंबीयाच्या देखरेखीखाली राबणारा मजूर यांना त्यातून वगळले आहे, मात्र वेतन म्हणून पिकाचा वाटा घेणाऱ्या नोकराला ही सूट नाही. म्हणून निम्म्या वाट्याचा तोंडी करार टाळून ठरीव मजुरी द्यावी आणि गावातील एखाद्या कुटुंबीयाने देखरेख करावी. लेखी करार वकिलाकडून तपासून घ्यावा.

मुखत्यारपत्र केवळ लागवड, कार्यालयीन अर्ज आणि कर भरणे एवढ्यापुरतेच असावे. विक्री आणि गहाणाचा अधिकार त्यात नसावा. परदेशात केलेल्या अशा पत्रावर ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकशुल्क भरावे लागते. सातबारा ऑनलाइन पाहता येतो, तो वर्षातून एकदा तरी पाहावा. 2021 पासून सुरू असलेल्या ई-पीक पाहणीत शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र घ्यावे लागते. ते काम कोण करणार, हेही आधीच ठरवावे.

सालगडी पाडव्याला ठरवण्याची जुनी चाल आहे. शेत सांभाळणाऱ्याशीही त्याच सुमारास बोलणे करावे, म्हणजे त्याला आपल्या वर्षाची आखणी करता येते. लावणीची मजुरी लावणीतच मिळावी आणि बांधबंदिस्तीचा खर्च वेगळा द्यावा. नाताळच्या सुटीत आलेल्या मालकाला मोकळे खाचर दिसते. कामाची पारख करायची असेल तर एखाद्या वर्षी जुलैत किंवा कापणीला यावे. दर, कामे आणि मुदत दोघांकडे लिहिलेली असली की शेत सांभाळणाऱ्याला आपल्या कष्टाची खात्री राहते आणि मालकाला जमिनीची.