तार ग्रामपंचायतीपर्यंत, पुढे पोडाचे काय?

यवतमाळ - रेशन दुकानातील यंत्रावर अंगठ्याची पडताळणी, सातबाऱ्यावर पिकाची नोंद आणि कापूस विक्री या शेतकऱ्याच्या तिन्ही गरजा आता मोबाईलच्या जाळ्याशी जोडल्या गेल्या आहेत. राज्यात 15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणी सुरू झाली. 2025-26 च्या हंगामात हमीभावाने कापूस विकण्यासाठी 'सीसीआय'ने 'कपास किसान' अॅपवरील नोंदणी आवश्यक केली. कापसावर जगणाऱ्या यवतमाळ जिल्ह्यात त्यामुळे 'रेंज' हा थेट उत्पन्नाचा प्रश्न बनला आहे.

सोळा तालुक्यांच्या या जिल्ह्याची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेनुसार 27 लाख 72 हजार असून, त्यातील तीन चतुर्थांशाहून अधिक लोक खेड्यांत राहतात. झरी जामणी, केळापूर, मारेगाव या तालुक्यांत कोलाम समाजाचे पोड मूळ गावापासून दूर, टेकड्या आणि जंगलाच्या आधाराने वसलेले आहेत. विखुरलेल्या वस्तीत ग्राहक थोडे आणि टॉवरचा खर्च मात्र तेवढाच. त्यामुळे खासगी कंपन्यांना तेथे स्वारस्य नसते.

ही दरी भरण्यासाठीच 2002 मध्ये सार्वत्रिक सेवा निधी उभारण्यात आला. कंपन्यांच्या समायोजित महसुलातील पाच टक्के रक्कम त्यात जमा होते. 2023 च्या दूरसंचार कायद्याने त्याचे 'डिजिटल भारत निधी' असे नामकरण केले. पश्चिम आफ्रिकेतील घानानेही ग्रामीण सेवेसाठी असाच निधी उभारला आहे. बाजार जेथे पोचत नाही तेथे सार्वजनिक पैसा लागतो, हा अनुभव दोन्हीकडे सारखाच आहे.

उणीव आहे ती यश मोजण्याच्या पद्धतीत. 2011 मध्ये मंजूर झालेल्या आणि पुढे 'भारतनेट' झालेल्या योजनेचे उद्दिष्ट ग्रामपंचायतीपर्यंत फायबर नेण्याचे होते. गट ग्रामपंचायतीच्या कार्यालयात जोडणी आली, की कागदावर काम पूर्ण होते; तिच्यातील वाड्या आणि पोड हिशेबाबाहेर राहतात. शिवाय केबलची रचना एकरेषीय असल्याने एका ठिकाणी तार तुटली, की पुढील सर्व जोडण्या बंद पडतात.

ऑगस्ट 2023 मध्ये मंजूर झालेल्या 1 लाख 39 हजार 579 कोटी रुपयांच्या सुधारित योजनेत वर्तुळाकार रचना, दहा वर्षांची देखभाल आणि ग्रामपंचायत नसलेल्या गावांना मागणीनुसार जोडणी यांचा समावेश आहे. दिशा योग्य आहे. तथापि, ज्या वस्तीत रेंजच नाही, तिची मागणी नोंदवणार कोण? ही जबाबदारी जिल्हा प्रशासनाने स्वतःकडे घेऊन पोडनिहाय पाहणी करायला हवी. सेवा किती दिवस खरोखर चालू होती, हेही जाहीर व्हावे. तोवर जाळे नाही म्हणून कोणाचे धान्य अडू नये वा कापूस परत जाऊ नये, यासाठी कागदी नोंदीचा पर्याय खुला ठेवणे हाच न्याय ठरेल.