रानडुकरांसाठी बंदूक : बारा बोअर की रायफल?



रानडुकरांचा कळप एका रात्रीत उभा ऊस कसा लोळवतो, हे गौताळ्याच्या कडेच्या कन्नडकरांना सांगायला नको. म्हणून पारावर बोलणे निघते, "परवाना काढा अन् चांगली रायफल घ्या." रायफलीचा जोर मोठा म्हणून ती उसाला चांगली, हा हिशेब मात्र आम्हाला पटत नाही.

आपल्याकडे चालते ती तीनशे पंधराची रायफल. तिची गोळी सुमारे १६ ग्रॅमची, वेग सेकंदाला ६०० मीटरच्या आसपास. डुक्कर जागेवर पडेल, यात वाद नाही. पण नेम हुकला तर तीच गोळी मैलभर पलीकडे जाऊ शकते. बारा बोअरचे एलजी छर्‍याचे काडतूस तीस-पस्तीस मीटरपर्यंतच भरवशाचे. पुढे छर्रे पांगतात, जोर ओसरतो. उसातले डुक्कर दिसते तेच मुळी बांधावर, वीस-पंचवीस पावलांवर. मग लांब पल्ला हवा कशाला?

आता काडतुसांचे पाहू. दोन्ही काडतुसे आपल्याच देशात बनतात. पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून आहे. तरी बारा बोअरचे काडतूस सहज मिळते अन् स्वस्तही पडते. तीनशे पंधराचे महाग. आजोबांच्या वेळची परदेशी रायफल घरात असेल, तर काडतुसासाठी दुकाने पालथी घालावी लागतात. काडतूस मिळेना तर बंदूक म्हणजे नुसती काठी!

कायदाही ध्यानात असू द्यावा. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीक संरक्षणासाठी ठासणीची बंदूक सांगितली आहे. ती अपुरी पडते असे अधिकाऱ्याला पटले, तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येते. रायफल त्यात बसत नाही. शिवाय परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर वन्यजीव कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे. वनखात्याची लेखी परवानगी आधी, बार नंतर. नुकसान झाले की लगेच पंचनामा करून भरपाईचा अर्जही द्यावा.

सर्वांत महत्त्वाचे हंगामाचे. तोडणी सरकत जाते तशी डुकरे शेवटच्या पट्ट्यात गोळा होतात अन् एकदम बाहेर पडतात. बार टाकायचा मोह होतो तो नेमका तेव्हाच, अन् तेव्हाच चहूबाजूंनी टोळीची माणसे, त्यांची लेकरे, बैलगाड्या असतात. पलीकडे कोप्या असतात. तेव्हा फडात टोळी असताना कोणतीही बंदूक बाहेर काढू नये, बारा बोअरसुद्धा नाही. रात्री राखणीला जायचे तर मुकादमाला अगोदर सांगून ठेवावे. डुकराने मोडलेला ऊस पुढल्या साली पुन्हा उभा करता येईल. तोडणीवाल्याच्या घरचा माणूस गेला तर कोणता कारखाना भरून देणार?