खेड्यांतील मृत्यूंची खतावणी

कर्करोग हा मुंबईचा रोग, खेडी त्यातून सुटली, असे आमच्या बाजारात समाधानाने बोलले जाते. हे समाधान अपुऱ्या माहितीवर उभे आहे. 1987 साली बार्शीस देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा व भूम या तालुक्यांतील 346 गावांचा तीत समावेश झाला. रोग्यांचे प्रमाण मुंबईहून पुष्कळ कमी निघाले, हे खरे. परंतु गर्भाशयमुखाचा कर्करोग जडलेल्या स्त्रिया पाच वर्षे जगण्याचे प्रमाणही मुंबईहून कमीच आढळले. रोग विरळा, पण झाला की घातक, असा हा हिशेब आहे.

आमच्या आत्याबाईंच्या गालातील चट्टा मिश्रीमुळे आला असेल म्हणून दोन वर्षे घरात कोणी मनावर घेतले नाही. पुढे दाखल्यावर कारण लिहिले गेले ‘वार्धक्य’. तामसीहून हैदराबाद सुमारे तीनशे किलोमीटर; साठी उलटलेले माणूस स्वतःच म्हणते, आता कशाला खर्च? आणि आपण ते मुकाट्याने ऐकतो!

उस्मानाबाद जिल्ह्यातील सव्वा लाखांहून अधिक स्त्रियांच्या पाहणीचे निष्कर्ष 2009 साली प्रसिद्ध झाले. विषाणूची एकच तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले होते.

मंडळाने यंदा स्नेहभोजनाचा खर्च आवरून वृद्ध सभासद, त्यांच्या घरच्या स्त्रिया, हमाल व मापाडी यांची तपासणी करवावी, अशी आमची सूचना आहे. आपल्या किती दुकानांतून तंबाखूच्या पुड्या विकल्या जातात, हेही त्याच सभेत विचारावे. तो माल आम्हीही काही वर्षे ठेवीत होतो.